प्रेमाबाईचं पहिलं आधण

साठ सालच्या सुमारास प्रेमाबाईनं ऊस लावला, तेव्हा शिरूरजवळच्या आमच्या गावानं तिला वेड्यात काढलं. बाजरीच्या तुकड्यात विधवा बाई ऊस करणार! पण त्या तुकड्यात नवरा योहान विहीर खणून गेला होता. पाणी लागलं आणि आठवड्याभरात तो तापानं गेला. "या पाण्यावर ऊसच करायचा," हे त्याचं बोलणं तिनं धरून ठेवलं.

गुऱ्हाळ सर्जेराव आप्पांचं. गाळपाचा तिचा नंबर लागला, ऊस तुटला आणि नेमकं ऊस पिळायच्या चरकाचं इंजिन बंद पडलं. ते दुरुस्त झालं रविवारी सकाळी. प्रेमाबाईनं रविवारची प्रार्थना उभ्या जन्मात चुकवली नव्हती. पण तुटलेला ऊस पडून राहिला की आंबतो, आंबलेल्या रसाचा गूळ बसत नाही आणि तसल्या गुळाला दौंडच्या बाजारात कुत्रंसुद्धा हुंगत नाही. ती चर्चला न जाता गुऱ्हाळावर आली. तोंड एवढंसं झालेलं.

रसाचं आधण शिजलं की उकळती काहील, म्हणजे ती भली मोठी कढई, भट्टीवरून उतरवायची आमच्याकडे एक रीत. ज्याचा ऊस, त्यानं आपल्या देवाचं नाव पुकारायचं आणि गड्यांनी "चांगभलं" म्हणत एका दमात काहील उचलायची. दम चुकला तर काहील कलंडते, माणसं भाजतात.

गूळ शिजवणाऱ्या मल्हारी गुळव्यानं पाण्यात पाक टाकून बोटांनी चाचपला. गोळी झाली, म्हणजे पाक उतरवायला आला.

"उचला! बाई, नाव घ्या!"

प्रेमाबाईला शब्द फुटेना. प्रभूचा वार मोडून प्रभूचंच नाव कुठल्या तोंडानं घ्यायचं? गडी दांड्यांना हात घालून खोळंबले.

"घ्या की वो! पाक म्होरं चाललाय, करपंल!" मल्हारी ओरडला.

"मी घिऊ का म्हसोबाचं?" सर्जेराव आप्पा म्हणाले.

"न्हाई आप्पा!"

पाक काळवंडू लागला. भट्टीला जाळ घालत बसलेल्या मला तर बाईचा रागच आला. वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत जळतेय आणि ही ओठ मिटून उभी!

तेवढ्यात ती किंचाळली, "योहानाच्या नावानं..."

देवाऐवजी नवऱ्याचं नाव! गडी क्षणभर गांगरले. पण त्यातल्या निम्म्यांनी योहानाबरोबर त्या विहिरीची माती उपसली होती.

"चांगभलं!"

काहील उचलली गेली, गूळ गार करायच्या वाफ्यात पडला आणि बसला. पहिला खडा देवाचा, म्हणून मल्हारीनं तो तिच्या हातावर ठेवला. ती तशीच विहिरीवर गेली आणि खडा पाण्यात सोडला.

"बघा, तुमच्या पाण्याचा गूळ गोड हाय का," ती म्हणाली आणि मग हमसून हमसून रडली.