तापलेल्या जीपमधून उटनूरच्या बारशाला

भावजयीचा फोन आला, "ताई, नाव तुमीच ठेवायचं. पन येळेवर या, तुमच्या चुलतबहिणी तयार बसून हायेत." लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर माझ्या धाकट्या भावाला मुलगी झालेली. तिच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान मी दुसरीला देणार? छे! नावही भाऊ, भावजय आणि मी अशा तिघांनी मिळून ठरवलं होतं, आरोही. तेव्हा आदिलाबादहून उटनूरला निघायचं, आणि तेही माझ्या जीपमधून.

जीप जुनी, पेट्रोलवरची, माझी लाडकी. आदल्याच आठवड्यात तिला हेडर बसवून घेतले होते. म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा जाड ओतीव भाग काढून त्या जागी लांब, वळणदार पाईप. आवाज असा येतो की गल्लीतली माणसं वळून बघतात. नवरा खाली वाकून म्हणाला, "हे पाईप स्टार्टरले चिकटून हायेत. बोट नाई जात मंधात." मी म्हटलं, तुमची बोटं जाड आहेत.

तुम्ही जाणार असाल तर गुडीहत्नूरहून इंद्रवेल्लीमार्गे जा, रस्ता सोपा आहे. आम्हाला इचोड्याच्या काकूंना घ्यायचं होतं, म्हणून आम्ही हायवेनं तसेच पुढे गेलो. जानेवारीची सकाळ. लोक कडेला शेकोट्या पेटवून बसलेले आणि जीपमध्ये माझ्या चपलेचा तळ मऊ पडायला लागलेला. मी खुशीत होते. आदिलाबादच्या थंडीत फुकटचा हीटर मिळाला, असंही म्हणून टाकलं.

इचोड्याला काकू मिठाईचा डबा घेऊन उभ्याच होत्या. समोरच्या ढाब्यावर गरम मिरची भजी निघत होती. खायला उतरताना सवयीनं जीप बंद केली, आणि तिथंच फसले. परत येऊन किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. पुन्हा 'टक्'. पाईपाच्या धगीनं इंजिन सुरू करणारा स्टार्टर असा तापला होता की फिरायलाच तयार नाही. नवरा पाण्याची बाटली घेऊन धावला, तोच शेजारचा ट्रकवाला ओरडला, "पानी मत डालो भाई, पाइप फटेगा! ठंडी होने दो." मग आणखी एक प्लेट भजी आली. शंभर रुपयांत तिघांचं पोट भरलं, पण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. डोळ्यांसमोर चुलतबहीण पाळण्याकडे वाकलेली दिसत होती.

शेवटी जीप सुरू झाली. आतल्या रस्त्यानं साग आणि कापसाची शेतं इतकी सुंदर आहेत की एरवी मी दहा फोटो काढले असते. पण हेडर खाली लोंबत होते आणि प्रत्येक गावात गतिरोधक. पहिल्याच गतिरोधकावर खालून 'खर्रर्र' झालं. त्यानंतर गतिरोधक दिसला की दोघांना उतरवायचं, जीप हळूच पार करायची, पुन्हा बसवायचं.

"काऊन वं," काकू चढता चढता म्हणाल्या, "मी जीपनं चालली का पायी? आन बसलं का पाय भाजून राह्यले!"

"मी सांगतलं होतं इले," नवरा म्हणाला.

मी मनातल्या मनात जीपलाच विनवत होते. थंड हो गं बाई, थंड हो.

उटनूर समोर दिसत असताना रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, माझा पाय क्लचवरून सटकला आणि इंजिन बंद. 'टक्'. आता थांबायला वेळच नव्हता. कापूस वेचायला निघालेल्या बायकांनी ओचे खोचले. नवरा, काकू आणि त्या बायका मागून जीपच्या पाठीवर धपाधप थापा मारत ढकलू लागल्या. मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि ती गुरगुरत उठली. त्या बायकांचे पाय धरावेत असं वाटलं मला.

पोचले तेव्हा बाळ पाळण्यात होतं आणि चुलतबहीण पदर सावरत पुढे सरकत होती. मी धुळीच्या तोंडानंच वाकले. "कुर्रर्र" म्हटलं. पाठीत बायकांचे धपाटे पडायला लागले, डोक्यात अजून जीपच होती, आणि माझ्या तोंडून नाव निघालं, "शीतल!"

तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. भिंतीवर फुलांच्या अक्षरांत 'आरोही' लिहिलेलं होतं. सगळे हसले. काकू म्हणाल्या, "कानात गेलं ते गेलं." भावजय मात्र हसली नाही. जेवणं झाली, आम्ही निघालो, तरी ती माझ्याशी नीट बोलली नाही. परतीच्या रस्त्यावर मला जीपचं काही वाटत नव्हतं, तिच्या चेहऱ्याचं वाटत होतं. एवढा मान दिला आणि मी त्याची अशी वाट लावली.

घरी आल्यावर हेडर उतरवले, जुना ओतीव भाग परत बसवला. तुम्हाला हौस असेल तर पाईप आणि स्टार्टरमध्ये जागा ठेवा, मध्ये पत्र्याचा आडोसा घाला आणि लांब निघण्याआधी तापलेली गाडी बंद करून पुन्हा सुरू होते का ते बघा. नवऱ्याची बोटं जाड असली तरी ऐका.

परवा अंगणात जीप चालू ठेवून तिचा आवाज ऐकत होते, तेवढ्यात भावजयीचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी घाबरतच उचलला.

"ताई, तो आवाज बंद करा ना आधी," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ताच झोपली शीतल."

मी लगेच किल्ली फिरवून जीप बंद केली.