पगारी सासू

तुम्ही कधी पगार घेऊन कुणाला छळलं आहे का?

मी छळते. आठवड्यातून चार दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सुरतेतल्या एका लहान वाहिनीवर आमची गुजराती मालिका लागते, तिच्यातली दुष्ट सासू मी आहे. एरवी मी नवागामला राहणारी, दहावी शिकलेली साधी बाई. नवरा बमरोलीत लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे माग सांभाळणारा. गणपती मंडळातलं माझं नाटक पाहून दिग्दर्शकांनी बोलावलं, त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात किस्स्यांचे, कापडाचे असतात तसे, तागेच्या तागे साचलेत. एक उलगडायला घेतला की खालचा आपोआप सरकतो.

*

पहिल्याच दिवशी माझं गुजराती ऐकून दिग्दर्शक म्हणाले, "बेन, आ तो नंदुरबारनी सासु लागे छे."

मी तिथलीच, दुसरं कुठलं लागणार? पण परत जायचं नाही, हे मी ठरवूनच आले होते. म्हटलं, "साहेब, सुरतेतल्या प्रत्येक गल्लीत नंदुरबारची एक तरी सासू आहे. मग तुमच्याच बंगल्यात का नको?"

 त्यांनी लेखकाला हाक मारून मालिकेतल्या शेठाणीचं, म्हणजे माझं, माहेर नंदुरबार करून टाकलं.

*

आमचा बंगला म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यात उभ्या केलेल्या प्लायवुडच्या भिंती. शेजारचा कारखाना मात्र चालू, आणि तिथेच माझा नवरा. एकदा माझ्या मालिकेतल्या नवऱ्याचं मरण होतं. मी खऱ्या नवऱ्याला फोन केला, "अहो, दोन मिनिटं लूम बंद ठेवता का? इथे मयत आहे."

"कोणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं."

"मी तर इथे लूमवर उभा आहे," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. लूम काही थांबले नाहीत. शेवटी आम्ही सगळे नुसते तोंडं हलवून रडलो आणि आवाज नंतर भरला.

*

माझ्या खऱ्या सासूबाईंना हे काम पहिल्यापासून आवडलं नाही. त्या घरात अहिराणीच बोलतात. "कसाले जास व माय तठे? घरमा काय काम कमी शे?" हे रोजचं. त्यांचं म्हणणं, सुनेला छळणारी बाई आपल्या घरातली आहे हे गल्लीत चांगलं दिसत नाही. यंदा त्यांनी निकालच दिला, "दिवाळीपर्यंत कर. मंग बस."

मी भाकरी थापत राहिले. पण घरी बसायचं नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं.

*

मालिकेत सुनेचं काम करणारी हेतल एकदा म्हणाली, "मम्मीजी, तुम्ही हनुवटी खाली घेऊन चष्म्यावरून बघता ना, तेव्हा मला खरंच भीतीने पाणी प्यावंसं वाटतं. कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "घरी."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सासूबाईंनी पहिल्यांदा एक भाग पाहिला.  चष्म्यावरून पडद्याकडे बघत त्या मधेच म्हणाल्या, "ती नंदुरबारनी शेठाणी... तू नही, तुनं ते बघणं. माले कोठे तरी देखेल वाटस."

माझा नवरा उठून गॅलरीत गेला. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

*

आता साड्यांचं. आमच्या मालिकेत साड्या विकत घेत नाहीत. कापड मार्केटमधले एक व्यापारी सकाळी देतात, संध्याकाळी होती तशीच घडी घालून परत नेतात आणि नव्या म्हणून विकतात. म्हणून आम्ही पिन लावत नाही, जेवताना अंगावर टॉवेल घेतो आणि किमतीची चिठ्ठी पदरात लपवून संवाद म्हणतो. एकदा माझ्या हातून चहा सांडला, तेव्हा सामान सांभाळणारे राजूभाई बोलले होते, "बेन, आता आणखी एक साडी बिघडली, तर शेठाणीला जात्रेला पाठवून देईन." आमच्या मालिकेत जात्रेला, म्हणजे तीर्थयात्रेला, गेलेलं माणूस परत येत नाही.

गेल्या महिन्यात एक प्रसंग अर्धाच झाला. हिरवी साधी साडी नेसून मी सुनेला दंडाला धरून दारापर्यंत आणते, इथपर्यंत. दाराबाहेर ढकलायचं दुसऱ्या दिवशी. साडी तीच हवी, आणि इस्त्रीवाला सुट्टीवर. राजूभाईंना शब्द देऊन मी ती घरी आणली, इस्त्री करून बाहेरच्या खोलीत ठेवली आणि दळण आणायला गेले.

बाहेरच्या खोलीत आमच्याकडे जॉबवर्कच्या साड्यांचा गठ्ठा असतो. कोऱ्या साड्या येतात, सासूबाई त्यांना खडे चिकटवून परत पाठवतात. दळण घेऊन मी आले, तर त्या डिंकाची बाटली बंद करत होत्या. खूश होत्या. "आज एक जास्तच हुई गई," म्हणाल्या.

हिरव्या साडीचा पदर आणि अर्धा काठ लखलखत होता.

मी एक खडा नखाने काढून पाहिला, तर खाली पांढरा डाग राहिला. म्हणजे शेठाणी दारापर्यंत साध्या साडीत येणार आणि सुनेला बाहेर ढकलताना एकदम चमकायला लागणार. मी सासूबाईंना सगळं सांगितलं. राजूभाईंची जात्राही सांगितली.

"ते तुले काढी टाकतीन?" त्यांनी विचारलं.

"काढतील. पण मी उद्या जाणार. पाया पडेन, साडीचे पैसे भरून देईन, नाही ऐकलं तर दुसरीकडे काम मागेन. घरी नाही बसणार, आत्या," मी सासूबाईंना म्हटलं.

त्यांना हवं तेच तर झालं होतं. तरी त्यांनी साडीची घडी घातली, चिठ्ठी वर येईल अशी ठेवली आणि जेवायला न येता जपमाळ घेऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खाली उतरले, तेव्हा सासूबाई नवं लुगडं नेसून, साडीची पिशवी मांडीवर घेऊन माझ्याआधीच रिक्षात बसलेल्या होत्या. "चाल. राजूभाईले मीच सांगसू," त्या म्हणाल्या.