कंपाउंडर काकांचा मोजा

सख्ख्या भाचीच्या लग्नात, ताटात जिलबी पडलेली असताना कंपाउंडर काका पंगतीतून उठून घरी निघाले. कारण विचारलं तर म्हणाले, मोजा बदलायचा राहिलाय. व्याह्यांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायांत नुसत्या चपला होत्या.

राहुरीत आमच्या शेजारी काका एकटेच राहायचे; काकू वारल्या होत्या, मुलगी पुण्याला दिली होती. सारी नोकरी मिशनच्या दवाखान्यात औषधं देण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. मुळा धरण एवढं जवळ असताना हा माणूस पुण्याहून मिठाची पाकिटं मागवून ड्रममध्ये समुद्र कालवतो, याची गल्लीत भरपूर थट्टा चाले. काकांना थट्टेचं काही नव्हतं. त्यांना पाण्याची काळजी असायची, आणि ती चोवीस तास असायची.

वरच्या टाकीतलं पाणी नळीने खालच्या कपाटातल्या लहान टाकीत उतरे आणि मोटर ते पुन्हा वर चढवी. उतरताना ते जाड पांढऱ्या कापडाच्या हातभर पिशवीतून गाळलं जाई. हाच तो मोजा. माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं त्यात अडके. तिसऱ्या दिवशी तो बदललाच पाहिजे, नाहीतर तुंबतो आणि पाणी वरून ओसंडायला लागतं. "घाण अडकली म्हंजी गेली असं न्हाई," काका म्हणायचे. "पाणी तिच्यातनंच जातंय. ती काढून भायेर टाकावी लागती."

काढलेला मोजा ते उलटा करून नळाखाली धुवायचे, ब्लीचच्या पाण्यात भिजत घालायचे, मग खळबळून खळबळून उन्हात कडक वाळवायचे. शेवटी नाकाला लावून वास घ्यायचे. जराही वास आला की पुन्हा बादली. साबणाचं तर नावही काढायचं नाही. धुतलेल्या प्रत्येक मोज्याला तारखेची चिठ्ठी लागे, कारण बाटल्यांना चिठ्ठ्या लावायची हाताची सवय सुटली नव्हती.

त्या टाकीत नारिंगी माशांची एक जोडी होती, अंगावर पांढरे पट्टे. नखाएवढी असल्यापासून काकांनी वाढवलेली. काकूंच्या मागे तीच त्यांची माणसं, असं ते स्वतःच सांगत.

गेल्या वर्षी काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना नगरला नेलं. जाताना किल्ली माझ्या हातात दिली, सोबत औषधाच्या चिठ्ठीसारखा कागद: दर तिसऱ्या दिवशी, सकाळी, एक मोजा. मी शाळेत शिकवते, एवढं मला जमणार होतं. तरी त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही.

पहिला मोजा सुरळीत बदलला. काढलेला बादलीत टाकून शाळेत गेले. माझी ओढाताण बघून आईने तो धुवून टाकला, आणखी दोन मळकट दिसले तेही. निरमा लावून, निळीत बुडवून. वाळल्यावर घडी घालून काकांच्या फळीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या घाईत मी वरचाच उचलला. वास घेतला नाही.

दुपारी आले तर खालच्या टाकीत फेस चढला होता आणि जोडीतली मोठी मादी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. मी मोजा उपसला, ड्रममधलं तयार पाणी ओतलं. पाचला रोजच्यासारखा काकांचा फोन आला, मोजा बदलला का, मासे खातात का. आदल्याच दिवशी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. मी म्हणाले, सगळं छान आहे काका. सकाळी मादी तळाशी पडलेली होती. पुढचे चार दिवस मी पाचला तेच वाक्य बोलत राहिले.

काका घरी आले ते थेट काचेपाशी. एक मासा कोपऱ्यात फिरत होता. मी सगळं सांगितलं. आई दारातच रडायला लागली. "पांढरं कापड हाय, नीळ तर लावाय पायजे, एवढंच माझ्या डोक्यात," ती म्हणाली. काकांनी तिला मनाला लावून घेऊ नका म्हणून समजावलं. मग माझ्याकडे वळले.

"त्या दिशी फोनवर सांगितलं असतंस, तर कोळशाची पुडी टाकाय लावली असती. त्या फळीवरच हाय. साबन वढून घेती ती. वाचली असती कदाचित."

मी फळीकडे पाहिलं. पुडी समोरच होती.

"म्हाताऱ्याला सोसनार न्हाई वाटलं तुला. सांगायचं असतं, पोरी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला अजूनही तसंच वाटतं.

यंदा मुलीने त्यांना पुण्याला नेलं आणि टाकी आमच्याकडे आली. पाचला त्यांचा फोन येतोच. मी बारीकसारीक सगळं सांगते, माशाने एक घास कमी खाल्ला तरी सांगते. पण हल्ली काका दोन शब्दांच्या मध्ये दम घ्यायला थांबतात. विचारलं की म्हणतात, "मी झकास हाय. माशाचं बोल." परवा मागून कसल्या तरी यंत्राची घरघर ऐकू आली, आणि मुलीचा आवाज, बाबा, डॉक्टर मास्क काढू नका म्हणाले ना.

काय झालं, मी विचारलं.

"टीव्ही चाललाय," काका म्हणाले.

त्या सुराची मला चांगली ओळख आहे. उद्या मोज्याचा दिवस आहे. तो कसा बदलायचा ते आईला दोनदा करून दाखवलंय, आणि मी सकाळच्या पहिल्या एसटीने पुण्याला निघतेय. काकांना कळवलेलं नाही.