बिनसाखरेचं पातेलं

पौडच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त देऊन मी आमच्या माले गावी घरी आलो. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येणार होता. महिनाभर घशाला कोरड पडत होती, पॅन्ट कमरेवर ठरत नव्हती आणि उरवड्याच्या कंपनीत मशीन सोडून मी सारखा लघवीला पळत होतो. आता मोबाइल उघडायचा आणि पुन्हा खिशात टाकायचा, एवढंच उरलं होतं.

आई चहा करत होती. गॅसवर दोन पातेली दिसली. त्यातलं छोटं, काठाला चेपलेलं, वडिलांचं. त्यांना शुगर होती आणि त्यांचा बिनसाखरेचा चहा ती त्यातच करायची. आधी त्यांचं बोट कापलं, मग पाय, मग तेच गेले. तेव्हापासून पातेलं फळीवर पालथं पडून होतं. आज तिनं ते खाली काढून लख्ख घासलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "अजून रिपोर्ट यायचाय! आत्ताच कशाला काढलंस ते?"

तिनं त्या पातेल्यातला चहा कपात गाळला, माझ्यापुढं ठेवला आणि साखरेचा डबाही शेजारी सरकवला.

"पायजे तेवढी घे," ती म्हणाली. "माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

चहावर साय धरली. मोबाइल अजून गप्पच होता. डबा हाताशी होता, पण त्याचं झाकण काही मला उघडवलं नाही.