माझ्या डोळ्यातल्या पेशी, भावाच्या डोळ्यात

डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि रामाला न सांगता मला सांगितलं. "लिंबल स्टेम सेल डेफिशियन्सी. दोन्ही डोळ्यांत. उजवा गेलेलाच आहे. डाव्याचं काही करता येईल का, ते बघू."

रामा माझ्या शेजारीच बसला होता. माणूस आंधळा झाला की लोक त्याला बहिराही समजतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "डॉक्टर, त्याला सांगा. डोळे त्याचे आहेत." डॉक्टरांना ते पटलं असावं. त्यांनी खुर्ची रामाकडं वळवली आणि पहिल्यापासून समजावून सांगितलं. बोलले हिंदीत. उमरग्यात हायवेच्या कडंला माझं शिलाईचं दुकान आहे, ट्रकवाल्यांमुळं हिंदी कानावर असतेच. त्यामुळं हैदराबादचा तो दवाखाना भाषेनं तरी मला परका वाटला नाही.

रामेश्वर माझा धाकटा भाऊ. तामलवाडीच्या शिवारात त्याची द्राक्षबाग. मी अक्का.

ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांच्यासाठी मला समजलं तेवढं सांगते. बुबुळाचं काळं जिथं संपतं आणि पांढरं सुरू होतं, तिथं एक बारीक कडं असतं. त्या कड्यात मूळ पेशी राहतात, स्टेम सेल म्हणतात त्या ह्याच. बुबुळावर जी पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, असते तिच्यावरचा पातळ थर रोज झिजतो आणि या पेशी तो रोज नवा करून देतात. पेशी मेल्या की काच उघडी पडते, मग पांढऱ्या भागातल्या शिरा तिच्यावर चढतात आणि सगळं लालसर, गढूळ होऊन जातं.

रामानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी बांध गेला अन् शेजारच्या रानातलं तण आत शिरलं."

डॉक्टरांना मी ते हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, आता मी पण असंच सांगत जाईन.

बांध कसा गेला ते ऐका. छाटणीनंतर द्राक्षाच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, मोरचूद आणि चुन्याची. चुना कळीचा. तो ड्रममध्ये टाकायचा, वरून पाणी ओतायचं, की भसाभसा उकळतो. रामा काठीनं ढवळत होता. तळाशी एक मोठा खडा राहिलेला असणार, तो एकाएकी फुटला आणि सगळं तोंडावर आलं.

त्याची बायको सविता पलीकडं पाण्याची कळशी घेऊन उभी होती. पोटुशी होती तेव्हा. ती धावली. आणि हाच माणूस डोळे दाबून ओरडला, "पानी नगं! उकळंल!"

मला अजूनही त्याच्यावर राग काढता येत नाही. ज्यानं आयुष्यभर चुन्यावर पाणी पडलं की काय होतं ते बघितलंय, तो दुसरं काय म्हणणार? सविताही थांबली, कारण तिनंही तेच बघितलं होतं. मायनं घरातून तूप आणून डोळ्यांत घातलं. मग गाडी शोधली, सोलापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी पापण्या उलटून आतले चुन्याचे कण काढले आणि बाटल्यांवर बाटल्या पाणी सोडलं. तोवर चुन्यानं आपलं काम केलं होतं.

म्हणून वाचणाऱ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा. बागेतला असो, भिंतीला लावायचा असो की तंबाखूच्या पुडीतला, डोळ्यात चुना गेला तर पहिलं पाणी. भरपूर, थांबल्याशिवाय, दवाखान्याच्या वाटेवरसुद्धा. थोडं पाणी ड्रममध्ये चुना उकळवतं, पण धो धो पाणी डोळ्यातून चुना बाहेर काढतं. तूप नको, तेल नको, अंगावरचं दूध नको.

हैदराबादला लगेच काही केलं नाही. आधी डोळ्यांची आग शांत व्हायला हवी, म्हणाले. थेंब, मलम, महिन्याला एक खेप. त्याच काळात सवितेला मुलगी झाली, स्वरा. रामा तिला मांडीवर घेऊन बसायचा आणि सारखा विचारायचा, कशी दिसती. जो तो वेगळं सांगायचा. माय म्हणायची आज्यावर गेलीय, सविता म्हणायची माझ्यावर. एकदा रामा मला म्हणाला, "अक्का, मला बाग दिसू नये, रस्ता दिसू नये. ही एकदा दिसावी." आमचं सगळं दुखणं तिथून पुढं या एका गोष्टीपाशी येऊन थांबलं होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी उपाय सांगितला. निरोगी डोळ्याच्या त्या कड्याचा छोटासा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि आजारी डोळ्यावर लावायच्या. एकच डोळा गेलेला असेल तर दुसऱ्या डोळ्यातला तुकडा घेतात, तो आपलाच असतो, अंग त्याला परका समजत नाही. रामाच्या दोन्ही डोळ्यांत काही शिल्लक नव्हतं. रक्ताच्या नात्यातलं कुणी हवं होतं.

मायच्या डोळ्यांना मोतीबिंदू, वय झालेलं. राहिले कोण, तर मीच.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. मी सुईत दोरा ओवून पोट भरणारी बाई. ब्लाऊजच्या गळ्याला काठ लावताना एक धागा इकडचा तिकडं झाला तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. डॉक्टर म्हणाले, तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो, जागा भरून येते, नजरेला सहसा धक्का लागत नाही. मी त्या 'सहसा'वर अडले. घरी मालक म्हणाले, "डोळा तुझा हाय. मी व्हय म्हनत न्हाई अन् न्हाय बी म्हनत न्हाई." मला त्यांचा राग आला. नंतर वाटलं, दुसरं काय बोलणार बिचारे.

रामानं तर सरळ नाही म्हटलं. "तुझं दुकान बसंल, अक्का. मला न्हाई पायजे." मग मीच त्याला झापलं. म्हटलं, लहानपणी माझ्या ताटातला पापड न विचारता उचलायचास, तेव्हा कुठं गेली होती ही लाज?

रक्त तपासलं, आमचं बऱ्यापैकी जुळलं. तुकडा काढताना दुखलं नाही. फक्त कुणीतरी डोळ्याच्या कडेशी खुडबुड करतंय असं वाटत होतं, आणि ते वाटणं दुखण्यापेक्षा वाईट होतं. पुढचे काही दिवस डोळ्यात कुसळ गेल्यासारखं व्हायचं. मग थांबलं.

पेशी वाढवायचं काम कसं चालतं ते मला बघायचं होतं. आत जाऊ देत नाहीत, पण काचेच्या बाहेरून एका मॅडमनं दाखवलं. एक कपाट, आत अंगाएवढी ऊब. त्यात चपट्या बशा आणि बशीत एक पारदर्शक पडदा. त्या पडद्यावर पेशी रांगत पसरतात. पडदा कशाचा म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, वारेचा. सिझेरियन झालेल्या बायका मुलाच्या वारेवरचा हा पडदा दान देतात.

मायला हे सांगितल्यावर ती दचकली. आपल्याकडं वार पुरतात. "कुन्या बाईची वार माझ्या पोराच्या डोळ्यात?" म्हणाली. मग हात जोडून म्हणाली, "तिचं लेकरू सुखी ऱ्हावं."

मॅडमनं आणखी एक गोष्ट सांगितली. हे तंत्र बशीतून माणसाच्या डोळ्यापर्यंत यायला लई वर्षं गेली. आधी प्राण्यांवर, मग मोजक्या रुग्णांवर, मग परवानग्या, मग पुन्हा तपासण्या. आजही दरवेळी पेशी लावायच्या आधी जंतू आहेत का बघतात. आमच्या दोन बशा होत्या, त्यातली एक तपासणीत नापास झाली आणि फेकून दिली. मी कळवळले. माझ्याच डोळ्यातलं ते, कचऱ्यात गेलं. पण दुसरी पास झाली.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा रामाला नुसता उजेड दिसला. मग खिडकीची चौकट. मग नर्सच्या हातातला ट्रे. दर खेपेला थोडं थोडं वाढत गेलं. मग एक दिवस तामलवाडीहून फोन आला. तो नुसता म्हणाला, "दिसायलंय, अक्का." मी मशीन बंद करून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी तिथं गेले. हा गडी स्वराला पुढ्यात घेऊन, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बसलेला. फार लांबचं दिसत नव्हतं, जवळचं दिसत होतं. म्हणाला, "हिच्या हनवटीला खळी हाय. एकानं बी सांगितलं न्हाई मला." सविता हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. रामा बागेत गेला नाही, गावात गेला नाही. पोरगी पहिलं पाऊल टाकत होती, तो तिच्या मागं गुडघ्यांवर रांगत फिरायचा.

माझ्या पेशी त्याच्या अंगाला परक्या. अंगानं त्यांना हाकलून लावू नये म्हणून इम्युनोसप्रेसंट गोळ्या सुरू होत्या. या गोळ्या अंगाची लढायची ताकद मुद्दाम कमी करतात. त्याची किंमत असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हिवाळ्यात रामाला खोकला लागला. अंग संध्याकाळी तापायचं, वजन उतरलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी.

हैदराबादच्या डॉक्टरांनी आणि छातीच्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवलं, त्या गोळ्या थांबवायच्या. रामाला कळलं थांबवल्यावर काय होणार. तो डॉक्टरांना म्हणाला, "चालू ऱ्हाऊ द्या. मरायचं तवा मरीन, पन बघत मरीन."

डॉक्टर म्हणाले, "रामेश्वर, डोळ्यासाठी आम्ही पुन्हा प्रयत्न करू शकतो. छाती गेली तर कुणासाठी करायचा?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण पेशी माझ्या. मी म्हटलं, बंद करा. तो माझा भाऊ आहे, माझा डोळा नाही. असं म्हटलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. त्यानं पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

टीबी बरा झाला. डोळा हळूहळू लाल होत गेला, कडेनं शिरा आत सरकल्या. बांध दुसऱ्यांदा गेला. एका सकाळी त्यानं स्वराला जवळ घेतलं आणि नुसता तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिला. सविता समजली.

पुन्हा नात्यातल्या पेशी लावल्या तर पुन्हा त्याच गोळ्या, आणि त्याच्या छातीला आता ते झेपणार नाही. गालाच्या आतल्या थरातून पेशी घ्यायची रीत आहे, पण त्याच्या डोळ्याला ती कितपत लागू पडेल याची डॉक्टरांना खात्री नाही. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशींना मागं, पुन्हा मूळ पेशींच्या अवस्थेत नेऊन त्यांच्यापासून डोळ्याच्या पेशी बनवायचं काम चाललंय, ते अजून सर्रास मिळण्यापासून लांब आहे. कधी मिळेल, विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. पूर्वी या उत्तरानं माझं डोकं फिरायचं. आता मला तेच उत्तर खरं वाटतं. आमच्या ओळखीतल्या एकानं मोबाईलवर जाहिरात पाठवली होती, स्टेम सेलचं एक इंजेक्शन, गुडघ्यापासून डोळ्यापर्यंत सगळं बरं. जो 'सांगता येत नाही' म्हणत नाही, त्याच्याकडं जाऊ नका, माझ्या बहिणींनो आणि भावांनो.

मागच्या खेपेला हैदराबादच्या डॉक्टरांनी रामाला विचारलं, संशोधनासाठी रक्त द्याल का, तुम्हाला स्वतःला त्याचा उपयोग होईलच असं नाही. त्यानं बाही वर केली. म्हणाला, "त्या वारेवाल्या बाईला कुठं म्हाईत होतं मी कोन हाय ते."

दवाखान्यातून अधूनमधून मला फोन येतो, पेशी देणाऱ्या एखाद्या नातेवाइकाशी बोला म्हणून. परवा एका बाईनं विचारलं, "ताई, शेवटी गेलंच ना सगळं? मग द्यायचं कशाला?" माझा डोळा चांगला आहे, दोरा अजून ओवते, असं सांगितलं. मग म्हटलं, मी चार दिवसांपूर्वी भावाकडं गेले होते. पोरगी आता बालवाडीत जाते. ती त्याच्या गळ्यात पडून विचारत होती, बाबा, मी कशी दिसते? त्यानं तिच्या हनवटीच्या खळीपासून सांगायला सुरुवात केली आणि कान, भुवया, कपाळ, कुणालाही न विचारता सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता माझा पुढचा दात पडलाय." तो म्हणाला, "व्हय? मग ते अक्का सांगंल मला." आणि मी सांगितलं.