मिस्त्रींचा शेवटचा जोड

रूळ जोडायचं काम तासाभराचं, आणि त्याची वाट बघणं चार तासांचं! 'ब्लॉक' मिळाला, म्हणजे तेवढा वेळ गाड्या थांबवल्या, तरच आम्ही रुळाला हात लावणार. तोवर बाभळीखाली डबे उघडायचे आणि गप्पा हाणायच्या. वर्षानुवर्षं असं बसल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

मी भिंगारचा. आमच्या वेल्डिंग गँगमध्ये जोड घासून गुळगुळीत करायचं ग्राइंडर माझ्याकडे. आणि आमचे वेल्डर म्हणजे सामुएल मिस्त्री. पक्के नगरकर. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून बसायचे आणि सोमवारी आम्हाला डोळे वटारून झापायचे. आमच्यात प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरचा नंबर घालतात. जोड खराब निघाला की कोणाचा, ते सगळ्या लाईनला कळतं. मिस्त्रींचा एकही जोड कधी फेल गेला नव्हता.

"नंबराला डाग न लागता घरी जायचं. दुसरं काय बी मागणं न्हाई माझं," असं ते रोज म्हणायचे. रिटायरमेंट जवळ आली तसं दिवसातून दोनदा म्हणायला लागले.

*

सारोळ्याच्या बाजूला काम चाललं होतं. दोन रुळांच्या टोकांमध्ये इंचभर फट ठेवायची, भोवती वाळूचा साचा बसवायचा, टोकं लालभडक तापवायची आणि वर भांडं ठेवून त्यातली पावडर पेटवायची. ती रटरटून उकळते आणि डोळे दिपवणारा लोखंडाचा रस साच्यात उतरतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा आ वासलेलाच राहतो.

शेजारच्या वावरातला एक शेतकरी हे सगळं बघत होता. तो पळत घरी गेला आणि नांगराचा मोडका फाळ घेऊन आला.

"मिस्त्री, तुमचा रस वरनं वाया चाललाय. येवढं चिकटवून द्या की!"

मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "देतो. पर मंग रोज एक मालगाडी त्याच्यावरनं न्यावी लागंल. चालंल का?"

त्यानं फाळाकडे बघितलं, वावराकडे बघितलं, जरा हिशेब केला आणि म्हणाला, "आदी कांदा काढून घेतो!"

*

नवीन साहेब आले होते. पोरगेलेसे, अभ्यासू, पायात नवे कोरे पांढरे बूट. रस उतरताना जवळून बघायचा म्हणाले.

"साहेब, बूट कितीचं हायत?" मिस्त्रींनी विचारलं.

"का हो?"

"भारी असतील तर मागं व्हा."

साहेब हसले आणि वीतभर मागं सरकले. ठिणगीनं एका बुटाच्या टोकाला बरोबर वाटाण्याएवढं भोक पाडलं! बिचाऱ्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते लांब लिंबाखाली उभे राहिले आणि सगळ्या सूचना मोबाईलवरून दिल्या. पायात चप्पल होती.

*

साच्याला ओल चालत नाही. म्हणून आमचे बबनराव साचे आधी उन्हात ठेवतात. एकदा फाटकावर काम होतं. गेटमनच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, बाजेवर पापड वाळत घातले होते. बबनरावांनी त्याच बाजेच्या कडेला साचे मांडले.

आणि अवकाळी आभाळ आलं की हो! थेंब पडायला लागले तसे आम्ही चौघं धावलो आणि सगळे साचे उचलून छपराखाली नेले. एकानंही पापडाला हात लावला नाही!

वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. "मातीच्या साच्याला छप्पर, आन् माझ्या पापडाला पाऊस व्हय?"

"वहिनी," मिस्त्री म्हणाले, "पापड भिजला तर चिवट हुतो. साचा भिजला तर रस उडतो. आमच्यासकट!"

वहिनींना ते काही पटलं नाही. त्या फाटकावर आम्हाला पुढं वर्षभर चहा मिळाला नाही.

*

साचा आणि रूळ यांच्यात बारीक फट राहते, ती ओलसर वाळूचा लेप दाबून बंद करावी लागते; टोकं तापवताना तो लेप वाळून जातो. त्यात बबनरावांचा हात कोणी धरू शकत नाही. ट्रेनिंग कुठं घेतलं, असं साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "आईच्या चुलीवर. मीच सारवायचो."

त्यांच्या बहिणीच्या लग्नाला ते रजेवर गेले आणि इकडे नव्या माणसाला लेप जमेना. ब्लॉकची मिनिटं चाललेली. मिस्त्रींनी मांडवात व्हिडिओ कॉल लावला. बबनरावांनी फेटा सावरत मोबाईल डोळ्यांपुढे धरला आणि लाउडस्पीकरच्या वर आवाज चढवला, "डावीकडं फट हाय! दाब! आजून दाब! आरं, हात थरथरतोय कशाला?"

तिकडे नवरदेव मंगळसूत्र बांधत होता. तो इतका घाबरला की त्याचे हात खरोखरच थरथरायला लागले!

आमचा जोड मात्र पास झाला. बहिणीचा संसारही छान चाललाय.

*

मिस्त्रींचा शेवटचा जोड नेमका त्याच पापडवाल्या फाटकाजवळ आला. ब्लॉक छोटा मिळाला आणि त्यात आभाळ भरून आलं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. तेवढ्यात सुमनवहिनी मोठा प्लास्टिकचा कागद घेऊन पळत आल्या. "आदी साचा झाका! पापडाचं बघू मागनं!"

जोड झाला. मी घासला. तपासणीच्या मशीननंही पास केला. त्या दिवशी चहा मिळाला, पण मिस्त्रींना तो गोड लागला नाही.

"घाई झाली रं," ते म्हणत राहिले. "जोड बसला तर? मशीनला काय कळतंय? चाकाला इचारलं पायजे."

जोड जरा जरी खाली बसला तरी चाक त्यावरून जाताना दणका देतं. म्हणून रिटायर झाल्यावर आठ दिवसांनी मिस्त्रींनी दौंडची तिकिटं काढली; ते फाटक त्याच वाटेवर. बरोबर त्यांची बायको मार्थावहिनी, बबनराव आणि मी. वहिनींच्या मांडीवर दोरी बांधलेला पेढ्यांचा बॉक्स.

"जल्मभर डबा भरून दिला, पर ह्यांचं काम कधी बघितलं न्हाई," वहिनी मला म्हणाल्या. "सोडू का हो दोरी?"

"थांब!" मिस्त्री खेकसले.

लांबून फाटक दिसलं. मिस्त्री उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. "मंडळी, दोन मिंटं गप ऱ्हावा! हात जोडतो!"

डबा दचकला. पत्ते खेळणारे थांबले. चिवडेवाल्यानं हाळी अर्ध्यात गिळली. एका बाईनं रडणाऱ्या पोराच्या तोंडात बिस्कीट कोंबलं. मिस्त्रींनी चपला काढल्या, अनवाणी पाय डब्याच्या तळाला टेकवले आणि डोळे मिटले. अगदी चर्चमध्ये मिटायचे तसे.

फाटक मागं गेलं. हात हलवणाऱ्या सुमनवहिनी खिडकीतून दिसल्या आणि त्याही मागं गेल्या.

मार्थावहिनींनी हळूच विचारलं, "आला का तुमचा जोड?"

"गेला."

शेवटी समोरच्या बाकावरच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याला राहवेना. "आवं, पर झालं काय?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. ते पाण्यानं भरले होते.

"काय न्हाई झालं!" ते सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडले. "काय म्हंजी काय बी न्हाई झालं!"

आणि त्यांनी पेढ्यांची दोरी दातानं तोडली.