गुरुवारचं जेवण

मॅट्रिकचा निकाल लागला की लोणावळ्यातल्या आमच्या शाळेत माझं दुसरं काम सुरू व्हायचं. ते मला कुणी दिलेलं नव्हतं, आणि माझ्याकडून कुणी काढूनही घेतलं नाही. पास झालेल्या पोरांना पुण्याच्या कॉलेजात पोचवायचं. शाळा सोडल्याचा दाखला, वर्तणुकीचा दाखला, इंग्रजीतला अर्ज, नादारी, म्हणजे फीमाफी, मागायची तर मामलेदाराच्या सहीचा कागद. सही सगळीकडे एकसारखी हवी, म्हणून मी पोरांना ती पाटीवर गिरवायला लावायचो. कॉलेजच्या कारकुनासमोर अंग चोरून उभं राहू नका, विचारेल तेवढंच सांगा, टोपी सरळ ठेवा, असं सगळं पढवून त्यांना गाडीत बसवायचो. आर्ट्सला जायचं की सायन्सला, हे बहुतेकांच्या बाबतीत चहा निवायच्या आत ठरायचं. खरा प्रश्न वेगळाच असे. पोरगं जेवणार कुठं?

खाणावळ परवडत नाही त्यानं वार लावून जेवायचं, ही रीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ती घरं शोधत मी दर जूनमध्ये पुण्याच्या पेठा पालथ्या घालायचो. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा मुलीचा बाप सुखी. त्याला एकच घर शोधायचं असतं."

यातलं जे वाईट होतं ते मी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता सांगितलंय. सांगून झाल्यावर तिनं फक्त "बरं" म्हटलं आणि पानं घेतली. म्हणून इथंही लिहायला हात धजतो.

लढाईच्या आधीची गोष्ट. वडिवळ्याचा एक मुलगा मॅट्रिक झाला. त्याच्या गावातून तोवर कुणी झालं नव्हतं. बाप मुंबईला गिरणीत, घर आणि भातशेती आईच्या हातात. मी कामशेतला उतरून चालत त्यांच्या घरी गेलो. तिनं मला ओट्यावर घोंगडं टाकून बसवलं आणि मी कॉलेजचं बोलायला लागलो तशी मध्येच थांबवलं.

"मास्तर, त्येचा बा म्हनतोय, पोराला हिकडं धाडा, खात्यात चिकटवतो. म्या अजून व्हय म्हनलं न्हाई. आदी मला सांगा, पोरगं जेवंल कुटं?"

"राहायची सोय झालीय, मावशी. वसतिगृहात खोली फुकट मिळेल. पण तिथं चूल पेटवू देत नाहीत. जेवणाचे वार लावून देतो मी."

"सातीच्या साती?"

"सातही."

"मग न्या. पर आयका, येक दिस जरी पोरगं उपाशी ऱ्हानार आसंल, तर त्यो गिरणीत गेलेला बरा. तितं निदान बापासंगं चार घास खाईल."

पोरगं दाराआड उभं राहून ऐकत होतं. त्याचा चेहरा मला दिसत होता. तिला दिसत नव्हता.

शेतकऱ्याच्या पोराला वार मिळवणं सोपं नव्हतं, हे आज आडपडदा न ठेवता लिहितो. माझ्या ओळखी माझ्याच जातीच्या घरांतून. तिथं मुलाचं नाव सांगितलं की आडनावापाशी बोलणं अडायचं. तरी फिरलो. कामशेतचा तांदूळ घेणारा भुसार बाजारातला एक व्यापारी तयार झाला. एक निवृत्त हवालदार, एक शिंपी, एक गवंडीकाम घेणारा ठेकेदार, एक विधवा सुईण. माझा एक जुना वर्गमित्र म्हणाला, "येऊ दे, पण पडवीत बसेल आणि ताट स्वतः घासेल." मी तेही कबूल केलं. सहा झाले. गुरुवार राहिला.

गुरुवारसाठी माझी सख्खी मावसबहीण होती. तिचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, इतकी खात्री. तिनं कॉफी दिली. मी म्हणालो, "एक मुलगा आहे, फार हुशार."

"आपल्यातला का?"

"नाही."

तिनं आत पाहिलं. माजघरात सासूबाई वाती वळत होत्या. "अरे, घरात सासूबाई..." एवढंच ती बोलली. आणि मी, माझ्या तोंडून काय निघावं, "छे गं, मी आपलं सहज सांगितलं."

कॉफी संपवून निघालो. दुसऱ्या दिवशी अर्ज भरायची शेवटची तारीख होती.

सकाळी कामशेतच्या फलाटावर मायलेक उभी होती. गाडी दोनच मिनिटं थांबायची. मी डब्याच्या दारातच होतो.

"झालं का सात?" तिनं विचारलं.

"झाले."

"बेस्तरवार कुनाकडं?" ती गुरुवारला बेस्तरवार म्हणायची.

"माझ्या मावसबहिणीकडं."

तिचा चेहरा फुलला. माझ्याच घरातलं माणूस, म्हणजे पक्कं. तिनं एक गाठोडं वर दिलं. "जुना आंबेमोहोर हाय. भनीला द्या. म्हनावं, पोरगं जरा लाजतंय, दुसऱ्यांदा इचारल्याबिगर घेत न्हाई."

गाडी सुटली. तळेगाव गेल्यावर मी मुलाला म्हणालो, "हे बघ, गुरुवारचं अजून जमलेलं नाही. जमवतो. तोवर गुरुवारचा उपास धर. दत्ताचा वार आहे, विद्यार्थ्याला चांगलाच. आईला मात्र बोलू नकोस."

"व्हय गुरुजी," तो म्हणाला.

खोटं बोलणं एक वेळ समजू शकतो. पण मी त्याच्या उपासमारीला देवाचं नाव दिलं. ते मला कधी गिळता आलं नाही. गुरुवारसाठी मी पुढं आणखी दोन घरी विचारलं, मग शाळा सुरू झाली, मग राहून गेलं. तो तांदूळ माझ्याच घरी शिजला. त्याचा वास माजघरभर सुटला तेव्हा बायकोनं विचारलं, "कुणी दिला हो?" मी म्हणालो, "एका मुलाच्या आईनं." तेवढं खरं होतं.

त्या वर्षी मुलगा भेटला की मी विचारायचो, "गुरुवारचा उपास चालू आहे ना?"

"चालू हाय, गुरुजी." मान खाली घालून म्हणायचा. ती खाली घातलेली मान मला दिवसभर दिसत राहायची. वर्षाच्या शेवटी तो नापास झाला. माझ्या मनानं हिशेब लगेच मांडला. उपाशीपोटी कोण अभ्यास करील? पुढं तो पुन्हा बसला, पास झाला, यथावकाश बी. ए. झाला, हे मला इतरांकडून कळलं. मी स्वतः विचारायला गेलो नाही. कामशेतच्या बाजारात त्याची आई दिसली की मी बोळ बदलायचो. एकदा तर तांदळाच्या पोत्यांमागं उभा राहिलो. शाळेतला मास्तर, चाळिशीला आलेला.

गेल्या मार्गशीर्षात ती माझ्यासमोर येऊन बसली. कामशेतहून लोणावळ्याला येणारी गाडी, मी खिडकीपाशी, ती समोरच्या बाकावर. मधे पळायला बोळ नव्हता.

"काय मास्तर, आज वळखलंत व्हय?"

मी उठायला लागलो तशी म्हणाली, "बसा. आमाला वाटायचं, पोरगं नापास झालं म्हनून मास्तरास्नी आमची लाज वाटती."

हे मला सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी माझ्याच पापात इतका गुंतलेलो, की तोंड फिरवलेला मास्तर त्या बाईला कसा दिसत असेल याचा विचारच केला नाही. मग मात्र सगळं सांगितलं. मावसबहीण, कॉफी, दत्ताचा वार, तांदूळ. डब्यात माणसं होती, मी आवाज खाली घेतला नाही.

ती ऐकून घेत होती. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती.

"मास्तर, त्ये मला गणपतीतच कळलं. पोरगं घरी आलंतं. म्या इचारलं, बेस्तरवारी मास्तरांची भन काय वाढती? म्हनला, वरनभात. म्हनलं, भाजी कंची? तर गप. खाल्लेली भाजी कोन इसरतंय का?"

"मग तुम्ही त्याला कॉलेजला परत का जाऊ दिलं?"

"गिरणीतच धाडनार व्हते. तर ह्यो उंबऱ्यात आडवा बसला. म्हनला, गुरुजींनी सा घरं माझ्यासाटी हात जोडून मिळवली, आता म्या गिरणीत न्हाई जायाचा." तिनं मांडीवरचं गाठोडं सावरलं. "आमच्या आळीत येक जन आटवड्याला लोणी घिऊन पुन्याला जायचा, बुदवारी. त्येला म्हनलं, बाबा, बेस्तरवारी जा. तुजं लोणी येका दिसात काय कुजतंय व्हय? तवापासनं डबा सुरू. पाच भाकरी आन् सुकट."

"गुरुवारी सुकट?"

"मग वो! पोरगं म्हनायचं, आये, बाकीचं सा दिस लाजत जेवतो, बेस्तरवारी पोटभर जेवतो. आन् तुमी इचारायचा, उपास चालू हाय का!" आता सगळा डबाच हसत होता. "म्याच सांगितलंतं त्येला, मास्तरास्नी बोलू नगंस, त्येंच्या जिवाला लागंल."

"आणि नापास झाला तो?"

"त्यो तालमीत जायचा की कुस्ती खेळायला! भाकरी जिरंल कुटं मग? मास्तर, त्यो गनितात नापास झाला, पोटात न्हाई."

मळवली गेलं.  छातीवरचं ओझं उतरलं की माणूस आधी हलकं होत नाही, आधी त्याला भूक लागते, हे मला त्या दिवशी कळलं. तिनं ओळखलं की काय, गाठोडं सोडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. लोणावळ्याला उतरताना म्हणाली, "आंबेमोहोर ग्वाड लागला का पर?"

"फार," मी म्हणालो.

"मग झालं की. कुनीतरी खाल्लाच."

यंदा जूनमध्ये मी पुन्हा पुण्यात फिरलो. रेशनमुळे आता वार देणारी घरं कमी झालीत. ज्यांनी पूर्वी पोरं जेवू घातली, तेच आता रेशनच्या मोजक्या शेरांवर आलेत. कामशेतच्या एका मुसलमान दुकानदाराचा मुलगा मॅट्रिक झालाय. देहूरोडच्या लष्करी डेपोत लगेच नोकरी मिळत होती, ती सोडून त्याला शिकायचंय. मी परत आलो, सरळ त्याच्या वडिलांच्या दुकानात गेलो आणि चपला काढायच्या आधीच म्हणालो, "भाऊ, पाचच वार लागले. सोमवार आणि शनिवार मला मिळाले नाहीत."

त्यांनी तराजू खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं.

"पाच लागले? मग दोन दिवसांचं आपण बघू की, मास्तर. त्यात तोंड कशाला पाडलंय?" आणि आत वळून ओरडले, "अगं, मास्तरांना चहा टाक."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.